नावाला जागणारे उपनगर : प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरात घर घेणारा माणूस चार भिंतींबरोबर एक नावही विकत घेतो. बोरिवली म्हटले की राष्ट्रीय उद्यानाची हिरवी कड डोळ्यांपुढे येते. मुलुंड म्हटले की आखीव रस्ते, झाडी आणि ‘उपनगरांचा राजकुमार’ ही जुनी बिरुदावली आठवते. अंधेरी म्हणजे विमानतळाचा शेजार, एमआयडीसी, सिनेमा-मालिकांचे जग. घाटकोपर म्हणजे लोकल आणि मेट्रोचा सांधा, गजबजलेली पेठ आणि खाऊगल्ली. या ग्रंथात तपासलेल्या या चार नावांना बाजारात भाव आहे. म्हणूनच दहिसरच्या वेशीवरची इमारत जाहिरातीत बोरिवलीची होते, भांडुपची मुलुंडला चिकटते आणि चांदिवलीचा पत्ता पवईच्या नावाने छापला जातो.

हा भाव आला कुठून? बोरिवलीचे जंगल कोणा विकासकाने लावलेले नाही. ठाणे खाडीवर फ्लेमिंगो कोणत्याही जाहिरात संस्थेने आणलेले नाहीत. वेसावे कोळीवाड्याची चव, मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहातला आणि बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातला प्रेक्षक, पहाटेची पहिली लोकल पकडणारी माणसे यांतून उपनगराचे नाव घडते. हे सारे सामायिक आहे. त्या नावावर मिळणारा पैसा मात्र सामायिक नाही. शहराच्या ब्रँडिंगचे मूल्यमापन करायचे असेल तर सुरुवात या विसंगतीपासून करायला हवी, असे मला वाटते. ज्याच्या जोरावर एखादे उपनगर विकले जाते, ते विक्रीनंतर शिल्लक राहते का? या ग्रंथातले लेखक वेगवेगळ्या वाटांनी जातात, पण या एका प्रश्नापाशी सगळे येऊन भेटतात.

विषयाशी नव्याने ओळख होणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी मांडणी करतो. शहराचे ब्रँडिंग म्हणजे बोधचिन्ह, घोषवाक्य आणि रोषणाई, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ते फार व्यापक काम आहे. शहराने स्वतःबद्दल काय सांगावे हे ठरवणे, ते खरे ठरेल अशी धोरणे आखणे, आणि राहणारा, येणारा, पैसा गुंतवणारा अशा साऱ्यांच्या मनात त्या शहराचे चित्र कसे बनते हे समजून घेणे, हे सगळे त्यात येते. शाश्वत वाढ म्हणजे आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या वाटणीला हात न लावणारी वाढ. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ही कल्पना जगभर नेली, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले अकरावे उद्दिष्ट शहरांसाठीच आहे. हे दोन प्रवाह एकमेकांना पूरक ठरू शकतात आणि एकमेकांच्या मुळावरही येऊ शकतात. मुंबईच्या उपनगरांत दोन्ही घडले आहे.

उपनगरांची प्रतिमा नव्या बाजारपेठेने जन्माला घातली असे कोणी समजू नये. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली रेल्वे साष्टी बेटावरच्या शेताडीतून, आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातून गेली. १८९६ च्या प्लेगने मुंबईकर हादरला आणि ज्यांना परवडत होते ते मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे सरकले. निरोगी हवा ही उपनगराची पहिली ओळख होती. पुढे १९२२ च्या सुमारास मुलुंडमध्ये स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनी आखणी झाली आणि नियोजित वस्ती ही दुसरी ओळख तयार झाली. मुलुंडचे नाव आजही त्या आखणीच्या पुण्याईवर चालते.

१९५० साली महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली. तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर मुंबईत आले. १९५७ साली हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा बोरिवली आणि मुलुंड आले. गावाचे शहर झाले, पण गावठाणे, कोळीवाडे आणि पाडे जागीच राहिले. मग कारखाने आले, १९७३ साली अंधेरीत सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभे राहिले, मरोळची एमआयडीसी वाढली. रोजगार शहरातून उपनगराकडे वाहू लागला. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआरचा मार्ग खुला केला आणि शहर भागात निर्माण झालेला बांधकामाचा हक्क उपनगरात उतरवण्याची सोय झाली. म्हणजे मुंबईच्या वाढीचा भार कागदोपत्रीही उत्तरेकडे वळला. जनगणनेचे आकडे पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर घसरली. उपनगर जिल्ह्याची ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली. मुंबईची प्रतिमा अजूनही गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि सीएसएमटीच्या चित्रांनी रंगवली जाते, पण चारातले तीन मुंबईकर त्या चित्राबाहेर राहतात. उपनगराचा स्वतंत्र विचार करण्याचे पहिले कारण हेच आहे.

आता या अभ्यासशाखेकडे वळू. तिच्यात ढोबळमानाने चार विचारपरंपरा दिसतात.

पहिली विक्रीची. जागा ही वस्तू आहे, तिला ग्राहक असतात आणि विपणनाचे नियम तिलाही लागू पडतात, असे ही परंपरा मानते. शास्त्र म्हणून ती अलीकडची असली तरी व्यवहार जुना आहे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून आपल्या मार्गालगतच्या उपनगरांची ‘मेट्रोलँड’ या नावाने जाहिरात केली होती. रेल्वे, जमीन आणि नाव यांची ही जोडणी मुंबईकराला नवी वाटणार नाही. न्यूयॉर्कसाठी १९७७ साली मिल्टन ग्लेझर यांनी काढलेले हृदयाचे चिन्ह तर सर्वांच्या परिचयाचे आहे. ॲशवर्थ आणि व्होग्ड यांनी १९९० साली आणि फिलिप कोटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या व्यवहाराला पुस्तकी रूप दिले.

दुसरी परंपरा नावलौकिकाची. सायमन अनहोल्ट यांनी १९९६ पासून देशांच्या आणि पुढे शहरांच्या लौकिकाचा विचार मांडला आणि २००५ साली शहरांचा निर्देशांक सुरू केला. शहराची जगातली ओळख, त्याचे भौतिक रूप, संधी, चैतन्य, माणसे आणि पायाभूत सोयी अशा सहा अंगांनी तो शहराकडे पाहतो. लौकिक जाहिरातीने मिळत नाही, कृतीने कमवावा लागतो, हे अनहोल्ट पुढे आग्रहाने सांगत राहिले. ते आमच्याकडच्या सल्लागारांनी फारसे मनावर घेतलेले नाही.

तिसरी परंपरा रहिवाशांची. मिहालिस कावरात्झिस यांनी २००४ साली दाखवून दिले की शहर तीन पातळ्यांवर बोलते: रस्ते, इमारती, कारभार यांतून, ठरवून केलेल्या प्रसिद्धीतून, आणि लोकांच्या तोंडून. यांतली तिसरी पातळी कोणाच्या ताब्यात नसते आणि तीच सर्वांत परिणामकारक असते. म्हणून रहिवासी हा ब्रँडचा प्रेक्षक नसून कर्ता आहे, असे ही परंपरा सांगते.

चौथी चिकित्सेची. डेव्हिड हार्वे यांनी १९८९ साली लक्षात आणून दिले की शहरांचा कारभार सेवा पुरवण्याकडून भांडवल ओढण्याकडे झुकतो आहे, आणि या चढाओढीत जोखीम सार्वजनिक तिजोरी घेते, फायदा खासगी राहतो. २००३ च्या ‘व्हिजन मुंबई’ अहवालानंतर मुंबईचे शांघाय करण्याच्या घोषणा ऐकलेल्या पिढीला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चारही परंपरांनी या विषयाला काही दिले आहे. मात्र मूल्यमापनाच्या बाबतीत पहिल्या दोघींचे वर्चस्व राहिले. किती लोकांना नाव ठाऊक आहे, किती पर्यटक आले, जागेचा दर चौरस फुटाला किती वाढला, हे मोजणे सोपे असते. पण दर वाढणे हे यश कोणाचे? पुनर्विकासानंतर मोठे घर मिळाले, पण नव्या टॉवरचा मेंटेनन्स झेपेना म्हणून ते विकून विरार-बदलापूरला गेलेले निवृत्त शिक्षक दरवाढीच्या आकड्यात यशात जमा होतात. विक्रीची किंमत नोंदली जाते, गाव सुटल्याची नोंद कुठेच होत नाही. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा प्रकार गाजला. उपनगराचे नाव कोणासाठी उघडे आहे आणि कोणासाठी बंद, हेही मोजमापात यायला हवे.

दोन उदाहरणे जवळून पाहू.

घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रोतून असल्फा स्टेशनाजवळ डोंगरावरची वस्ती दिसते. मेट्रोची ही पहिली मार्गिका ८ जून २०१४ ला सुरू झाली आणि ही वस्ती रोज लाखो डोळ्यांसमोर आली. २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रहिवाशांना सोबत घेऊन तिथल्या भिंती रंगवल्या. निळे, पिवळे, गुलाबी रंग, भिंतींवर चित्रे. छायाचित्रे जगभर गेली आणि इटलीच्या किनाऱ्यावरच्या गावाशी तुलना झाली. या उपक्रमाला हिणवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. आपल्या घराकडे कोणी कौतुकाने पाहते याचे समाधान खरे असते, आणि ज्या वस्तीला पाहताच लोक नजर वळवत, तिच्याकडे लोक वळून पाहू लागले ही साधी गोष्ट नाही.

पण याच घाटकोपरच्या डोंगरउतारावर, आझाद नगरात, १२ जुलै २००० ला दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली होती. त्यामुळे रंगाचे मूल्यमापन करताना पुढचे प्रश्न टाळता येत नाहीत. प्रसिद्धीनंतर संरक्षक भिंत झाली का? पावसाळ्यात उतारावरून येणारे पाणी वाहून न्यायला गटार मिळाले का? वरच्या घरापर्यंत नळाचे पाणी चढते का? शौचालयांची संख्या वाढली का? प्रतिमेमुळे यांतले एक काम जरी लवकर झाले असेल, तर त्या रंगाने शाश्वत वाढीला हातभार लावला. चित्र सुंदर आणि उतार तसाच धोक्याचा राहिला असेल, तर हातभार लागलेला नाही. उत्तर काहीही येवो, ते शोधावे लागते आणि आकड्यांत मांडावे लागते.

दुसरे उदाहरण बोरिवलीचे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे मुंबईला पाणी देणारे तलाव आणि कान्हेरीची शंभरहून अधिक लेणी. २००४ साली उद्यानाच्या काठावर बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. तेव्हा बिबट्या म्हणजे भीती, आणि उद्यानाचा शेजार म्हणजे संकट, अशी भावना होती. २०११ साली वनविभागाने वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्यासोबत ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्याने प्रश्न वाढतो, उघड्यावरच्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे अभ्यासातून पुढे आले होते. त्यानुसार सोसायट्यांत, पाड्यांत, पोलीस ठाण्यांत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन बोलणे झाले. कचरा उचलणे, दिवे लावणे, लहान मुलांना अंधारात एकटे न सोडणे अशा साध्या गोष्टींवर भर दिला गेला. हल्ले कमी झाले आणि मग प्रतिमा बदलली. वाघोबाला देव मानणाऱ्या, उद्यानालगतच्या आरे वसाहतीतल्या आदिवासींना हे सहजीवन आधीपासून ठाऊक होते. आता गगनचुंबी इमारतीतला मुंबईकरही बिबट्या अभिमानाने मिरवतो.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी काम झाले, नंतर लौकिक आला. आणि तो लौकिक आता त्या जंगलाचे रक्षण करण्यासाठी वापरला जातो की जंगलाच्या कडेला आणखी मजले चढवण्यासाठी, यावर त्याचे खरे मोल ठरणार आहे. प्रतिमा ही उसनवारी असते. पाणी, झाडी, मोकळी जागा, शेजारधर्म यांच्या तारणावर ती काढलेली असते, आणि तारणच विकून टाकले तर कर्ज फिटत नाही.

हा विचार आत्ताच का करायचा? कारण पुढच्या काही वर्षांत उपनगरांचा चेहरा जितका बदलेल तितका गेल्या पन्नास वर्षांत बदलला नसेल. निती आयोगाने २०२४ साली मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट मांडले. मेट्रोच्या मार्गिका एकामागून एक सुरू होत आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणार आहेत. मुलुंड, भांडुप, कांजुरमार्ग इथल्या सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीवर धारावीच्या पुनर्वसनाचा प्रस्ताव आला आणि मुलुंडकर रस्त्यावर उतरले. मुलुंडने कित्येक दशके डंपिंग ग्राउंडचा वास सोसला आहे. ते २०१८ साली बंद झाले. ‘राजकुमार’ म्हणवणाऱ्या उपनगराने मुंबईचा कचरा सांभाळला, ही त्याच्या लौकिकाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी.

दुसरीकडे निसर्गाने हिशेब मागायला सुरुवात केली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदवला आणि विहार-पवईच्या सांडव्यापासून निघणारी मिठी नदी मुंबईकरांना नव्याने कळली. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरचे महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ माणसे गेली. ४० फुटांची मर्यादा असताना ते १२० फुटांचे होते. आठवडाभरात, २० मे ला, घाटकोपरच्याच आकाशात विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. ज्या ठाणे खाडीवर ते येतात, तिला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. जाहिरातीचे लोखंड आणि खाडीचे पक्षी एकाच उपनगरात, एकाच आठवड्यात जमिनीवर आले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, पण आपण काय उंच करतो आणि कशाची काळजी घ्यायचे विसरतो हे दोन्हींतून कळते.

शाश्वततेचे नाव घेतले म्हणजे वाद मिटतात असेही नाही. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. विरोध करणारे जंगलाच्या बाजूने बोलत होते, आणि मेट्रोचे समर्थक मोटारी कमी होऊन हवा सुधारेल असे म्हणत होते. दोन्ही दावे शाश्वततेचेच होते. आज भुयारी मेट्रोतून आरेहून कफ परेडपर्यंत जाता येते, आणि ती झाडे नाहीत. अशा वेळी घोषणा कामाला येत नाहीत. किती धूर वाचला, किती सावली गेली, पर्यायी लावलेल्या झाडांपैकी किती जगली, याचा ताळेबंदच कामाला येतो. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुशोभीकरणाची मोहीम निघाली, झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या आणि जी-२० च्या पाहुण्यांसाठी काही झोपडवस्त्यांपुढे आडोसे उभे राहिले. एकाच शहराची ही दोन बोलणी एकमेकांशी जुळतात का, हे विचारणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे नगरसेवकही नव्हते.

ती उणीव अंशतः भरून काढण्याचा प्रयत्न हा ग्रंथ करतो. जगभरच्या निर्देशांकांना त्याने तुच्छ लेखलेले नाही, पण ते जसेच्या तसे उचललेलेही नाहीत. ज्यांनी शहरात पाऊल ठेवलेले नाही अशांच्या मतांवर उभा असलेला निर्देशांक मुलुंडबद्दल काय सांगणार? म्हणून इथे मोजणीचे एकक वॉर्ड आहे: अंधेरी पश्चिमेचा के-पश्चिम, बोरिवलीचा आर-मध्य, मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन. महापालिकेची स्वतःची माहिती, प्रजा फाउंडेशनसारख्या संस्थांचे वार्षिक अहवाल, जनगणना आणि रहिवाशांच्या मुलाखती ही त्याची साधने आहेत. विचारायचे प्रश्न तीन. नावाने जे वचन दिले ते रोजच्या जगण्यात मिळते का? ज्या सामायिक ठेव्यावर नाव उभे आहे तो वाढतो आहे की घटतो आहे? आणि नावाची किंमत वाढली तेव्हा तिचा वाटा कोणाला मिळाला, कोणाला गाव सोडावे लागले?

वाचकाने या ग्रंथात तयार गुणपत्रिका शोधू नये. चार उपनगरांना क्रमांक लावण्याचा मोह लेखकांनी जाणीवपूर्वक टाळला आहे, आणि ते योग्यच झाले. बोरिवलीच्या जंगलाची आणि अंधेरीच्या रोजगाराची तुलना करून कोणाचाच लाभ होत नाही. प्रत्येक उपनगराची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी आणि स्वतःच्या दाव्याशी व्हावी, अशी ही पद्धत आहे. नियोजनाच्या विद्यार्थ्यांना त्यात अभ्यासाची साधने मिळतील, प्रशासनातल्या मंडळींना आपल्या घोषणा तपासून पाहण्याची रीत मिळेल. पण मला सर्वांत जास्त आशा आहे ती सोसायटीच्या कमिटीत, नागरिक मंचात, कोळीवाड्याच्या पंचात बसणाऱ्या वाचकांकडून. आपल्या उपनगराच्या नावावर नेमका कशाचा बोजा आहे हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहत नाही.

नावाला जागणे ही आपल्याकडे माणसाची कसोटी मानली जाते. ती वस्तीलाही लावता येते, आणि पुराव्यानिशी लावता येते, एवढे या ग्रंथाने दाखवून दिले आहे. त्याची पद्धत उचलून उद्या कोणी कुर्ल्याची, कांदिवलीची, चेंबूरची मोजणी करावी, इथले निष्कर्ष नव्या आकड्यांनी तपासावेत आणि गरज पडली तर खोडूनही काढावेत. तसे झाले तर या ग्रंथाने आपले काम केले, असे मी समजेन.